नथ, करंजी आणि उंबरा

विमलमावशींच्या वडिलांची दृष्टी एकदम गेली नाही. आधी संध्याकाळ गेली. दिवस मावळला की रामभाऊंना रस्त्याच्या कडा दिसेनाशा व्हायच्या. मग भर दुपारीही दोन्ही बाजू गेल्या आणि नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलं. रामभाऊ लोणी काळभोरच्या एका भाजी व्यापाऱ्याचा तीनचाकी टेम्पो चालवायचे. पुढं निघालेल्या तोंडामुळं त्या गाडीला पुण्यात सगळे डुक्कर म्हणायचे. पहाटे माल भरून मंडईत जायचं आणि रिकामं परत यायचं. घरात मिळवता माणूस हा एकच. आई लोकांच्या रानात कांदा काढायला जायची, तेही हंगाम असला तर. एका वेळी भाकरी झाली तर दुसऱ्या वेळी कण्या. अशा घरातल्या ड्रायव्हरला दिसत नाही, हे बाहेर कळून चालणार नव्हतं.

म्हणून रामभाऊ थोरल्या विमलला शेजारी बसवून न्यायला लागले. मालकानं विचारलं तर सांगायचं, पोरगी हट्ट करते. विमल तेव्हा चौथीत होती. रस्ता बोलायचा, हे तिचं काम. पण नुसतं डावीकडं, उजवीकडं म्हणून भागत नव्हतं. डावीकडं म्हणजे किती? वळण जवळचं की पसरट? ज्याला दिसत नाही त्याला अंदाज द्यायचा तर त्याच्या हाताच्या ओळखीची वस्तू सांगावी लागते. विमलनं त्या वस्तू स्वतःच्या घरातून उचलल्या. अर्धगोल, एकसारखं वळण म्हणजे करंजी. वळून परत आपल्याच अंगावर येणारं वळण म्हणजे नथ. रस्त्यात आडवा उंचवटा आला की उंबरा. खडी सुटली असेल तर सांडगे. चाकोऱ्यांच्या ओळी पडल्या असतील तर फणी. आणि रस्ता चांगला सरळ, गुळगुळीत असला की पोळी. मावशी सांगायच्या, "आबा नुसतं हूं म्हणायचे, की गाडी करंजीसारखी वळायची."

हे बरंच चाललं. एके दिवशी विमल तापानं घरी राहिली आणि रामभाऊंनी मंडईच्या फाटकाचा खांब पाडला. मालकानं हमाल, गाडीवाले, भाजीवाल्या बायका, सगळ्यांसमोर त्यांच्याकडं हात पुढं करून किल्ली मागितली. रामभाऊंनी ती दिली. पुढं जेवढे जगले तेवढे ते दारातल्या बाजेवर, रस्त्याकडं पाठ करून बसले.

मावशींना पुढं आयुष्यभर भीती अशी एकच वाटली. पडण्याची नाही, गाडी उलटण्याची नाही. कुणीतरी चारचौघांत आपल्याकडं किल्ली मागेल, ही.

विमल सातवीनंतर शाळेत गेली नाही. ती जाणती झाली तेव्हा ऐन हंगामात त्याच मालकाचा नवा ड्रायव्हर पळून गेला आणि मालकानं नाइलाजानं तोच टेम्पो तिच्या हाती दिला. सोलापूर रस्त्यावर बाई टेम्पो चालवते हे बघायला लोक हॉटेलातून बाहेर यायचे. त्याच टेम्पोत तिला नवरा भेटला. दत्तात्रय रणपिसे, कसब्यातले, पाटबंधारे खात्यात कारकून. एकदा लोणीच्या ऑफिसातून निघताना त्यांची बस चुकली आणि विमलनं त्यांना कोथिंबिरीच्या जुड्यांत बसवून पुण्याला आणलं. हे आमचे काका ही गोष्ट कोणालाही सांगायचे. "इतक्या जोरात आणलं की मला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. लग्नातही तेच झालं."

पहिल्या स्पर्धेत विमलचं नाव काकांनीच घातलं. बायकांची मोटार रॅली आहे, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. तिथं गेल्यावर कळलं की बाकीच्या बायकांनी गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्यात, टपावर घोषणांचे फलक लावलेत, आणि सजावटीला वेगळं बक्षीस आहे. संयोजकांपैकी एकजण विमलपाशी आला आणि म्हणाला, बाई, गाडी सजवली नाहीत?

"धुतली आहे," विमल म्हणाली.

त्या दिवशी ती इतक्या लवकर पोचली की शेवटच्या ठिकाणी वेळ मोजणारी माणसं अजून टेबल मांडत होती. आधी पोचल्याबद्दल तिचे गुण कापले, कारण त्या खेळात ठरलेल्या वेळेलाच पोचायचं असतं. बक्षीस माळावाल्या गाडीला गेलं. घरी येताना काका म्हणाले, तुला हा खेळ जमणार नाही, दुसरा बघू. त्यांनी खरोखरच दुसरा बघितला. मातीच्या गोल ट्रॅकवरच्या शर्यती, डोंगर चढायच्या शर्यती आणि मग खऱ्या रॅल्या, जिथं लवकर पोचल्याबद्दल शिक्षा नसते. पुढची तीस-पस्तीस वर्षं मावशी त्या करत राहिल्या. गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं. कप इतके आले की घरात ठेवायला जागा राहिली नाही. एकात कपड्यांचे चिमटे, एकात आमसुलं. सगळ्यात मोठ्या कपात काका छत्र्या उभ्या करायचे.

मी या गोष्टीत फार उशिरा आले. माझं नाव अर्चना. माझे वडील वाशिमकडून पुण्यात आले आणि वारज्यातल्या एका सोसायटीत वॉचमन झाले. आम्ही जिन्याखालच्या खोलीत राहायचो. तिथं अभ्यास करून मी बी.कॉम. झाले. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही. वाघोलीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मला नोकरी लागली, तेव्हा मी गाडी शिकायची ठरवली. घरात गाडी नव्हती आणि यायची चिन्हंही नव्हती. पण शिकलेलं फुकट जात नाही, एवढं डिग्रीनं मला शिकवलं होतं.

वारज्यात मावशींचं बायकांसाठीचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक शटर, एक टेबल आणि दोन जुन्या गाड्या. दारावरची पाटी काकांनी रंगवली होती. नावाखाली लिहिलं होतं, 'घाई असल्यास रिक्षाने जावे.' मी गेले तेव्हा एक ठेंगणी, साठीकडं झुकलेली बाई बॉनेटवर हात ठेवून गाडीशी बोलत होती. "अहो, उठा आता. नऊ वाजले." मला वाटलं, आत नवरा झोपला आहे. मावशी प्रत्येक गाडीला अहो म्हणायच्या. काकांना मात्र सरळ दत्ता म्हणायच्या, त्या पिढीत, तेही लोकांदेखत. काकांचं म्हणणं, "गाडी सुरू झाली नाही तर ढकलावी लागते, म्हणून तिला मान. मी आपला आपण सुरू होतो."

पहिला आठवडा मावशींनी मला चाकाला हात लावू दिला नाही. शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, बोल. मी विचारलं, काय बोलू? "रस्ता बोल. समोर जे येतंय ते सांग. मला दिसत नाही असं समज." मी बोलायला लागले. मध्येच माझ्या तोंडून निघालं, पुढून ट्रक येऊन राहिला आहे. आणि मी जीभ चावली. पुण्यात कॉलेजात असताना माझ्या या 'येऊन राहिला'वर वर्ग हसला होता. एका मुलीनं विचारलं होतं, येऊन राहिला म्हणजे नक्की आला की राहिला? तेव्हापासून मी बोलताना शब्द तपासून बाहेर काढायची.

मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, परत म्हण. मी परत म्हटलं. मग त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझा आवाज चांगला आहे. तळातून येतो. आणि शब्द गिळत नाहीस. कोणी शिकवलं?"

कोणी शिकवणार? माझी आई शेताच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारणारी बाई. तिच्या तोंडची भाषा माझ्या तोंडात. पण पुण्यात कुणीतरी पहिल्यांदा तिला चांगलं म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस ताठ मानेनं चालले.

सहा-आठ महिन्यांनी त्यांनी मला विचारलं, रॅलीत माझ्या शेजारी बसशील का? ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंगरातला रस्ता लोकांना बंद करतात, गाड्या एकामागून एक सोडतात आणि प्रत्येकीची वेळ मोजतात. धुळीत आणि वेगात चालकाला पुढचं वळण दिसायच्या आत शेजारच्यानं ते सांगायचं असतं. त्याला नेव्हिगेटर म्हणतात. आदल्या दिवशी दोघं हळू जाऊन रस्ता बघून ठेवतात, वळणं टिपून घेतात. बाकीचे सगळे हे इंग्रजी आकड्यांत करतात. डावं चार, उजवं दोन असं. मावशींच्या गाडीत मात्र रामभाऊंच्या टेम्पोतली भाषा होती. हेल्मेट घालून, इंटरकॉमच्या वायरीतून मी ओरडायची, "डावी करंजी, लगेच उंबरा, पुढं पोळी, पोळी, पोळी, उजवी नथ, सांडगे!" दुसऱ्या गाड्यांची पोरं मजेत विचारायची, मावशी, आज जेवायला काय आहे? मावशी म्हणायच्या, "तुम्ही. जेवण तुमचं होणार आहे."

त्या वेगात त्या एकदम शांत असायच्या. ओठ मिटलेले, खांदे सैल. माझ्या प्रत्येक शब्दावर फक्त हूं करायच्या. एरवी कमी बोलणारी, कमी हसणारी बाई, पण टप्पा संपून थांबलो की माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणायची, झालं गं. त्या 'झालं गं'साठी मी रविवार, सणवार, घरच्यांची बोलणी, सगळं सोसलं.

तिसऱ्या वर्षी ते घडलं. घाटातला उतार होता. मी म्हटलं, "लांब करंजी." म्हणजे बराच वेळ वळत जाणारं वळण. मावशींनी करकचून ब्रेक दाबला. गाडी गिरकी घेऊन शेताच्या बांधावर चढली आणि एका अंगावर टेकून राहिली. कुणाला लागलं नाही. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तशाच पट्ट्यांत लटकत होतो.

"थांब का म्हणालीस?" मावशींनी विचारलं.

"लांब म्हणाले, मावशी. लांब करंजी."

"थांब म्हणालीस तू."

यावर आमचं भांडण झालं. मी बी.कॉम. झालेली, स्वतःच्या बोलण्यावर खात्री असलेली मुलगी. मी ऐकून घेणार नव्हते. शेवटी दोष इंटरकॉमवर गेला. नवा इंटरकॉम आला. मावशी म्हणाल्या, लांब हा शब्दच नको, ताणलेली म्हण. ठीक. पुढच्या रॅलीच्या आधी म्हणाल्या, सांडगे नको, वड्या म्हण. मग फणी गेली, तिथं नांगर आला. मग एक दिवस म्हणाल्या, नथीला बुगडी म्हण.

काका चहा घेऊन आले होते. म्हणाले, "वा. नाकातलं काढून कानात घातलंत."

मावशींनी वर बघितलं नाही. मी हसले. मग मला दिसलं की काका हसत नव्हते.

त्या दिवशी बसनं जाताना मी टाकून दिलेले शब्द मनात म्हणत होते. लांब. सांडगे. फणी. नथ. बसच्या इंजिनाच्या घरघरीत मी ते पुटपुटले आणि माझ्या लक्षात आलं, त्यांतली स, थ, फ ही सगळी नुसत्या हवेची अक्षरं आहेत. गोंगाटात ती आधी जातात. थांब म्हटलं काय आणि लांब म्हटलं काय, पहिलं अक्षर गळून पडलं की उरतं तेच. आणि बुगडी, नांगर, वड्या हे जड शब्द आहेत, ते तळाशी बसतात. मग मला माझ्या आवाजाचं कौतुकही नीट कळलं. मावशींनी मला निवडलं होतं, कारण माझा आवाज अजून त्यांच्यापर्यंत पोचत होता.

मी काकांना एकटं गाठून सांगितलं. त्यांना ते कधीचं माहीत होतं. "घरात मी हळू बोलतो आणि ती जोरात हो म्हणते. संसार एरवीही असाच चालतो." मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "तिला सांगू नकोस. म्हणजे, तिला माहीत आहे. आपल्याला माहीत आहे, हे सांगू नकोस. उतरवतील तिला."

मी बोलले नाही. आवाज मोठा केला, जड शब्द वापरले, प्रत्येक वळणाआधी डॅशबोर्डवर थाप मारायला लागले. त्या वर्षी एका रॅलीत आम्ही तिसऱ्या आलो. बक्षीस घेताना मावशींचं नाव पुकारलं, तेव्हा मी त्यांना कोपरानं ढोसलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्या बाई लाजल्या.

मग ती डिसेंबरातली सकाळ. काका अंघोळीला गेले आणि तिथं पडले. आतून हाका मारत होते. मावशी गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंना हाका ऐकू गेल्या. त्या वर आल्या, बेल वाजवली, दार वाजवलं. मावशींना तेही ऐकू आलं नाही. शेवटी शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी हात हलवून त्यांचं लक्ष वेधलं, तेव्हा त्या उठल्या. काकांना दवाखान्यात नेलं. दुपारी ते गेले. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. पण हे डॉक्टर मला सांगत होते. मावशी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या आणि त्यांना त्यातलं किती कळलं, मला माहीत नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी एकच वाक्य सांगायच्या. "मी घरातच होते." कुणी विचारायचं, कसं झालं हो? मी घरातच होते. कुणी म्हणायचं, फार चांगला माणूस गेला. मी घरातच होते. रडल्या नाहीत. माझी आई समाचाराला गेली होती. ती घरी येऊन म्हणाली, त्या बाईला रडवा गं कोणी.

दिवसवार झाले आणि एके दिवशी मावशींनी मला फोन केला. फोनवर त्या नुसत्या बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. म्हणाल्या, कान तपासायचे आहेत, बरोबर चल. ठेवला.

तपासायला एक छोटी काचेची खोली असते. आत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेर, मशीन चालवणाऱ्या मुलीच्या शेजारी बसले होते. मावशी आत गेल्या, पाठ टेकली, खांदे सैल सोडले आणि अंगठा बटणावर ठेवून समोर बघत राहिल्या. रॅलीत निशाण पडायची वाट बघायच्या, अगदी तशा. मुलीनं आवाज सोडला. वाढवला. आणखी वाढवला. दुसरा सूर लावला. तोही वाढवला. अंगठा हलला तो अगदी मोजक्या वेळा. शेवटी मुलीनं मशीन बंद केलं, काहीतरी लिहिलं आणि दार उघडलं.

मावशींनी विचारलं, "सुरू कधी करणार?"

त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी मावशींच्या हातातून बटण काढून घेतलं.

इतक्या वर्षांच्या इंजिनांनी कान खाल्ले होते, उरलेलं वयानं नेलं होतं. कानात ऐकायचं मशीन बसवून घेतलं, पण हेल्मेटमध्ये ते शिट्टी वाजवायचं. आठवड्याभरानं मावशी मला घेऊन स्पर्धांचे परवाने देणाऱ्या ऑफिसात गेल्या. तिथल्या साहेबांच्या टेबलावर आपला रॅलीचा परवाना ठेवला. साहेब चांगला माणूस होता. गोंधळून म्हणाला, मॅडम, तुमच्याकडं कोणी मागितला आहे का? मी ते मोठ्यानं परत सांगितलं.

"मागायच्या आत द्यावा," मावशी म्हणाल्या. "नेव्हिगेटरचं ऐकू येत नाही मला. पोरीचा जीव घेईन एक दिवस."

पोरगी म्हणजे मी. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. त्या ऑफिसात, त्या टेबलापाशी आमची भाषा संपली. ती बोलणारं माणूस मी होते, पण समजणारं माणूस जगात एकच होतं.

पण मावशी उठल्या नाहीत. म्हणाल्या, आता दुसरं द्या. सरळ धावपट्टीवर वेगाचा विक्रम करायचा असतो, तिथं चालक एकटा असतो. सुटायची खूण दिव्याची असते. कान लागत नाहीत. नियम वाचून आले आहे. साहेब म्हणाले, पण या वयात?

"काय म्हणालात?"

साहेबांनी मोठ्यानं विचारलं, या वयात कशाला?

"काय?"

तिसऱ्यांदा साहेबांना ते विचारण्याची लाज वाटली. त्यांनी कागद पुढं ओढला. बाहेर आल्यावर मी मावशींना विचारलं, खरंच ऐकू आलं नाही? त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच आलं होतं."

गाडी तयार करायला वर्ष गेलं. स्कूलची एक गाडी विकली. मी दर रविवारी जायची, पण मला काम नव्हतं. त्या गाडीतली शेजारची खुर्ची वजन कमी करायला काढून टाकली होती. तिथं नुसता पत्रा होता. मावशी घरी एकट्या राहायच्या. काकांच्या छत्र्या त्यांनी हलवल्या नव्हत्या. एकदा म्हणाल्या, दत्ता काय म्हणून हाका मारत होता, ते खालच्या बाईंना विचारलंस का गं? मी विचारलं होतं. विमल, विमल असंच म्हणत होते. मी ते त्यांना सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग उठून चहा टाकला.

धावपट्टी पुण्यापासून लांब, माळावरची, कुणाच्या तरी खासगी मालकीची. वारा सुटायच्या आत सकाळीच धावायचं ठरलं. एकदा जायचं, एकदा उलट यायचं, आणि दोन्ही मिळून वेग धरतात. शिवाय जाण्यायेण्याची अशी जोडी एकदा फसली तर दुसरी संधी मिळते. मावशी निघाल्या. इतकी वर्षं मी त्या वेगात आत बसले होते, बाहेरून कधी बघितलाच नव्हता. गाडी ठिपका झाली आणि परत मोठी होत आली. वेग कमी पडला. फार कमी.

मावशी गाडीतून न उतरता तशाच बसून राहिल्या. मी खिडकीपाशी गेले. म्हणाल्या, गिअर चुकतात. आयुष्यभर इंजिन ऐकून गिअर टाकले. आता इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडं बघावं लागतं. काट्याकडं बघितलं की रस्ता सुटतो. मेकॅनिक मागून म्हणाला, मावशी, आज राहू द्या, पुढच्या महिन्यात परत येऊ. बाकीचेही तेच म्हणत होते, आणि ते सगळे त्यांच्या भल्याचंच बोलत होते. मी ते काहीच त्यांना सांगितलं नाही. मावशींनी डोळे मिटले आणि हेल्मेटचं डोकं मागं टेकवून बसल्या. इंजिन नुसतं चालू होतं. मग त्यांनी पाय हळूच दाबला, सोडला. परत दाबला, सोडला. असं कितीतरी वेळ. मग डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "पाठीत कळतंय. बाजूला हो."

दुसऱ्यांदा त्या काट्याकडं बघत नव्हत्या, हे मला बाहेरूनही कळत होतं. गाडी रेघ ओढावी तशी गेली. परत आली तेव्हा डोळ्यांसमोरून काय गेलं ते समजायच्या आत ती गेलेली होती, आणि आवाज मागून आला.

वेळ मोजणाऱ्यांनी आकडा दोनदा तपासला. मग भोंग्यावरून सांगितलं. लोक ओरडले, टाळ्या वाजवल्या. मावशी तेव्हा लांब टोकाला गाडीतून उतरून हेल्मेट काढत होत्या आणि त्यांची आमच्याकडं पाठ होती. मी धावत गेले. घामानं केस कपाळाला चिकटले होते. मी दोन्ही हात वर करून त्यांना सांगितलं. त्यांना ते कळलं. मान हलवली. पण त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच.

"शेवटी शेवटी आवाज कसा होता गं?"

मी त्यांच्या समोर, अगदी जवळ उभी राहिले. तळातून, शब्द न गिळता सांगितलं. "एकसारखा होता, मावशी. कुठं फाटला नाही."

त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. मी परत सांगितलं. मग बरं म्हणाल्या, कुणीतरी आणून दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या आणि कप दोन्ही हातांत धरून चहा प्यायला लागल्या. माणसं भोवती येऊन बोलत होती, हात मिळवत होती, फोटो काढत होती. मावशी गाडीकडं बघत होत्या.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या झोपेतच गेल्या. मधल्या काळात आमच्या भेटी झाल्या, पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या मावशी खुर्चीतल्या.

आपल्या देशात एखाद्या बाईनं धावपट्टीवर मोटार चालवून गाठलेला सगळ्यात मोठा वेग त्या सकाळी लोणी काळभोरच्या विमल रणपिसे यांच्या नावावर लागला. त्या गेल्या तेव्हा तो त्यांच्याच नावावर होता, आणि आज मी हे लिहिते आहे तेव्हाही आहे.